हवाईयन गिटारची तार मधूनच खरखरते? गिटार उघडण्याआधी हातातला बार बघा

"काका, दुसरी तार खरखरते. रोज नाही, मधूनच."

इचलकरंजीहून आलेल्या एका मुलाची ही तक्रार. वर्षभरात त्याने तारांचे तीन संच बदलले होते, नट (मानेच्या टोकाची, तारा पेलणारी खाचांची पट्टी) घासून घेतला होता, ब्रिजच्या (दुसऱ्या टोकाच्या घोडीच्या) खाचेत कागदाची चिंधोटी घालून झाली होती. दुकानात नेली की खरखर गायब, घरी आणली की हजर. दाढदुखीचं असंच असतं. डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की दाढ शहाण्यासारखी गप्प.

मी गिटारला हात लावलाच नाही. म्हटलं, "आधी बार दे." त्याने पँटच्या खिशातून काढून दिला. त्याच खिशातून गाडीची किल्ली आणि दोन-चार नाणीही बाहेर आली. निदान तिथंच निम्मं झालं.

बार म्हणजे मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारच्या तारांवर टेकवून सरकवायचा गुळगुळीत दांडा. त्याला आपल्याकडे कोणी रॉड म्हणतं, कोणी नुसतं स्टील. विचित्र वीणेवाल्यांचा तो बट्टा. नाव काहीही असो, हवाईयन गिटारवर पडदे नुसते खुणेपुरते. सूर जिथं संपतो ते टोक म्हणजे बार. साध्या गिटारचा पडदा वाकडा झाला तर आपण लगेच कारागीर गाठतो. इथला पडदा आपल्या मुठीत असतो, म्हणून त्याचा संशय येत नाही. दुकानदाराने दर वेळी स्वतःचा बार लावून गिटार तपासली, ती ठणठणीत वाजली, आणि दर वेळी मुलगा चाट पडला.

खरखर येते-जाते, याचं कारण

बार गोल असतो. अर्धा तास वाजवलं, तळव्याला घाम आला, की तो मुठीत हळूहळू फिरतो. त्याच्या एका अंगाला टोचा पडलेला असेल तर ते अंग खाली आलं की तार खरखरते, वर गेलं की गप्प. वाजवणाऱ्याला वाटतं हवेचा परिणाम, तारेचा परिणाम, ॲम्पचा परिणाम.

म्हणून पहिली तपासणी अशी. खरखर सुरू झाली की तिथंच थांबा. त्याच सुरावर, त्याच तारेवर, छेडण्याचा जोर तसाच ठेवून बार बोटांत पाव वळसा फिरवा आणि पुन्हा छेडा. आणखी पाव वळसा, पुन्हा छेडा. आवाज बदलला तर दोष बारचा. चारही बाजूंनी खरखर सारखीच राहिली तर दोष दुसरीकडे आहे, त्याबद्दल खाली लिहितो. या कामाला दोन मिनिटं लागतात. त्या मुलाचा खर्च झाला होता तीन संचांचा.

दुसरी तपासणी नखाची. ट्यूबलाइटखाली बार धरून अंगठ्याचं नख लांबीच्या दिशेने हलकेच ओढत न्या. डोळ्यांना चकचकीत दिसणाऱ्या बारवर नख अडखळतं तेव्हा कळतं. मुलाच्या बारवर मध्यापासून थोडं नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, बरोबर दुसरी तार येते त्या जागी, मोहरीएवढा टोचा होता. शहाबादी फरशीवर पडला होता म्हणे, "पण काका, काही झालं नव्हतं." टोचा पडला की त्याच्या काठाला धातू वर उठतो. ती उठलेली कड तारेला नुसती चाटून जाते. शेजारी क्रोमचा पापुद्राही सुटला होता, आत पिवळं पितळ दिसत होतं.

सतारीच्या जवारीचं काम ज्यांनी मिरजेत बसून पाहिलंय त्यांना हे पटकन समजेल. घोडीचा माथा किंचित पसरट आणि उतरता ठेवला की तार त्याला घासत घासत सुटते आणि तो झणझणीत रंग येतो. सतारीला ते हवं असतं. बारचं अंग झिजून दोन मिलिमीटर जरी सपाट झालं तरी हेच घडतं, फक्त इथं ते नको असतं. बारला जवारी लागली की तो बाद.

तिसरी तपासणी सरळपणाची. खिडकीच्या काचेचा तुकडा किंवा चांगला जाड आरसा घ्या, त्यावर बार आडवा ठेवा आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावा. बार आणि काच यांच्या फटीतून उजेड दिसता कामा नये. मग बार हळू गडगडत न्या. सरळ बार तेलावरून गेल्यासारखा जातो. मधे पोट सुटलेला लंगडत जातो.

चारही बाजूंनी खरखरतं तेव्हा

आपल्याकडच्या बऱ्याच हवाईयन गिटारी मुळात साध्या गिटारी असतात. वर उंच नट बसवून तारा उचललेल्या. तिथं दोन घोळ ठरलेले.

पहिला घोळ नटाच्या खाचांचा. एक संच धरू: ०.०१६, ०.०१८, ०.०२६, ०.०३६, ०.०४६, ०.०५६ इंच. नटाच्या खाचा सगळ्या सारख्या खोल असतील तर तारांचे तळ एका रेषेत येतात, माथे येत नाहीत. बार टेकतो तो माथ्यांवर. पहिल्या आणि सहाव्या तारेवर बार ठेवला तर त्या सरळ रेषेच्या खाली दुसरी आणि तिसरी तार ६ थाऊ उरते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ६ थाऊ म्हणजे ०.१५ मिलिमीटर, साधारण दीड कागद. एवढी फट पुरते. तार बारला धड टेकत नाही, धड सुटतही नाही, आणि मधल्या मधे वाजत राहते.

उपाय सोपा आहे. जाड तारांच्या खाचा जास्त खोल करायच्या. वरच्या संचात पहिल्या तारेच्या तुलनेत दुसरीची खाच २ थाऊ, तिसरीची १०, चौथीची २०, पाचवीची ३०, सहावीची ४० थाऊ जास्त खोल. सहावीचा हा आकडा म्हणजे एक मिलिमीटर. बारीक कानस घेऊन घाई न करता घासा. दर वेळी तार बसवून तारांवर स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीखालून उजेड येतो का बघा. वेगळा संच लावलात तर हे सगळे आकडे बदलतील, हेही ध्यानात असू द्या.

दुसरा घोळ ब्रिजचा. साध्या गिटारच्या ब्रिजवरची पट्टी कमानदार असते. वर सपाट नट आणि खाली कमान, अशी गिटार खालच्या पडद्यांवर बरी वाजते आणि बाराव्याच्या पुढे गेलं की कडेच्या दोन तारा, पहिली आणि सहावी, झणझणू लागतात. वर चढत गेल्यावरच त्रास होत असेल तर दुसरं काही शोधत बसू नका. पट्टी सपाट करून घ्या.

आणि तिसरा घोळ हाताचा. बारच्या मागची तार, म्हणजे बार ते नट एवढा तुकडा, तोही वाजतो. बारमागे अनामिका आणि करंगळी तारांवर अलगद पडलेली हवी. शंका असेल तर बारमागच्या तारांत रुमाल खोचून वाजवा. खरखर थांबली तर बोटं उचलली जाताहेत.

आता सगळ्यात वाईट सवय. तार खरखरली की बार दाबायचा. दाबल्यावर खरखर थांबते हे खरं, म्हणूनच ती सवय लागते. पण दाबलेली तार ताणली जाते, सूर चढतो, मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, सुराला मधेच गाठ पडते, आणि दाब जास्त झाला की बार पडद्यावर आपटून टक् आवाज येतो. तारेवर भार टाकणं हे बारच्या वजनाचं काम आहे. हाताने फक्त त्याला न्यायचं-आणायचं. हात दाबतोय याचा अर्थ बहुधा बार हलका आहे.

मग किती वजनाचा घ्यायचा

इथं प्रत्येक जण आपल्या गुरूचं सांगतो. मीही सांगेन, पण आधी हिशेब. पाऊण इंच, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत सहा सूत जाडीचा आणि तीन इंच लांबीचा भरीव स्टीलचा बार १६५ ग्रॅमच्या आसपास भरतो. सात सूत जाडीचा आणि सव्वातीन इंच लांबीचा २४० ग्रॅमच्या घरात. हा दुसरा दहा तारांच्या पेडल स्टीलवाल्यांचा (पायाच्या पेडलने सूर बदलणारी स्टील गिटार) नेहमीचा. सहा तारांवर तो हातोडा वाटतो. बाजारात स्वस्तात मिळणारी पोकळ नळी, दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची, ६५ ग्रॅमसुद्धा धड नसते. भरीव काचेचा तेवढ्याच मापाचा बार ५४ ग्रॅम.

हलका बार तारेबरोबर स्वतःही थरथरतो आणि तारेची ताकद खातो, म्हणून आस, म्हणजे सुराचा टिकाव, तुटते. सा लावला की तो श्वासभर टिकायला हवा. नळीवर तो अर्ध्यातच विरतो. उलट फार जड बार घेतला तर आस मिळते, पण द्रुत तानेला मनगट मागे राहतं. ज्यांना हजारा सिंग किंवा सुनील गांगुली यांच्यासारखी सिनेमाची गाणी वाजवायची आहेत आणि ज्यांच्या कानात शास्त्रीय गिटार वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काबरांचा आलाप आहे, त्यांना एकच बार पुरेल असं मला वाटत नाही. पहिल्यांना १३० ते १६० ग्रॅम, दुसऱ्यांना १६० ते २००. हे माझं मत, ४० वर्षं वाजवून बनलेलं. पटलं तर घ्या.

लांबीचं गणित वेगळं. सहाही तारा झाकून शेपटाकडे, म्हणजे मागच्या टोकाकडे, बोटाला जागा उरली पाहिजे, म्हणून ७५ मिलिमीटर. गिटारपासूनच घडवलेल्या मोहनवीणेला २० तारा, पण त्यातल्या मुख्य तीनच बारखाली येतात, त्यामुळे तिथं एवढ्या लांबीची गरज नाही.

आकाराचे मुख्य प्रकार दोन. एक गोळीसारखा, पुढचं टोक गोल. तिरका बार धरायचा असेल किंवा टोकाने एकच तार घ्यायची असेल तर हाच. दुसरा स्टीव्हन्स पद्धतीचा, वर आणि दोन्ही अंगांना खोबण असलेला. वरच्या खोबणीत तर्जनी, कडेच्या खोबणींत अंगठा आणि मधलं बोट. हा हातातून निसटत नाही आणि तारेवरून चटकन उचलता येतो. मात्र टोकं बोथट असल्याने एकेरी तारेचं नाजूक काम त्यावर अडतं. त्याचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही: तो मुठीत फिरत नाही, त्यामुळे झिजला तर खरखर कायमची येते आणि दोष लगेच सापडतो.

स्वतःच्या मापाचा करून घेताना

हवाईतल्या ओआहू बेटावरच्या जोसेफ केकूकूला या वाजवण्याच्या पद्धतीचा जनक मानतात. त्यानेही शाळेच्या वर्कशॉपमध्येच आपला लोखंडी बार बनवला, असं सांगतात. कोल्हापुरात तर शिवाजी उद्यमनगर ही लहान कारखान्यांची वसाहत दाराशी आहे. मीही तिथं एक बार करून घेतला आणि पहिला साफ फसला. कसा फसला ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

स्टेनलेस स्टीलचा २० मिलिमीटरचा रॉड, ७५ मिलिमीटर लांब. हा भरीव असताना १८५ ग्रॅम. मला वाटलं थोडा जड होतोय, म्हणून लेथ चालवणाऱ्या टर्नरमामांना म्हटलं, मागून १० मिलिमीटरचं भोक पाडून पोकळ करा. ते म्हणाले, "सायेब, पोकळ कशाला? पातळच घ्या की." मी ऐकलं नाही. ५० मिलिमीटर खोल भोक पडलं, ३० ग्रॅम कमी झालं आणि घरी येऊन वाजवला तर पाचवी-सहावी तार खरखरायला लागली. डोक्यात प्रकाश पडायला दोन दिवस लागले. बारचं नाक पहिल्या तारेकडे असतं आणि शेपूट खर्जाच्या जाड तारांकडे. वजन काढलं ते नेमकं शेपटातून. पातळ तारांवर बार बसायचा आणि खर्जावर नुसता तरंगायचा. मामांचं बरोबर होतं. वजन कमी करायचं तर जाडी कमी करा, बार पोखरू नका.

दुसरी चूक पॉलिशची, आणि ती निव्वळ माझी. लेथवरून आलेल्या बारवर हत्याराच्या बारीक रेघा होत्या. मी घरी पॉलिश पेपर घेतला आणि बार टेबलावर धरून लांबीच्या दिशेने घासत बसलो. चकचकीत झाला. गुंडाळीच्या, म्हणजे वरून बारीक तार वेढलेल्या जाड तारांवर फिरवला तर किस्स-किस्स, जणू कोणी खोबरं किसतंय. लांबीच्या दिशेने पडलेला प्रत्येक ओरखडा तारेला आडवा येतो आणि गुंडाळीच्या प्रत्येक वेढ्याला अडकतो. ओरखडे पडायचेच तर ते बारच्या गोलाईने पडू देत, म्हणजे ते तारेला समांतर राहतात. म्हणून पॉलिश लेथवर, बार फिरत असतानाच: ४०० नंबरचा पेपर, मग ६००, १०००, २०००, शेवटी बफिंग. हे काम टर्नरकडूनच करून घ्या. फिरत्या कामावर हातमोजा घालून किंवा बोटाला पेपर गुंडाळून कोणी हौशी माणसाने जाऊ नये.

दुसऱ्या खेपेला मामांनीच मार्ग दाखवला. सीएनसी मशीनमध्ये सरकपट्टीसाठी लागतो तो हार्ड क्रोमचा शाफ्ट. आधीच कडक केलेला, ग्राइंडिंग करून सरळ केलेला, आरशासारखा. याला टोचा सहजी पडत नाही. अडचण कापण्याची. साधी करवत त्यावर घसरते, चकतीच्या कटरनेच कापावा लागतो, आणि नाक गोल करताना तिथलं क्रोम जातं. गेलं तर जाऊ द्या, फक्त गोलाई आणि सरळ अंग जिथं मिळतात तिथं कंगोरा ठेवू नका. तिथं नख अडलं तर तारही अडेल.

शेपटाच्या तोंडाला अंगठ्यासाठी उथळ खळगा मात्र जरूर काढून घ्या, दोन-तीन मिलिमीटर खोल. बार मागे ओढताना अंगठ्याला आधार मिळतो आणि एवढ्याने वजन म्हणावं असं कमी होत नाही.

निसटणाऱ्या बारसाठी लोक काय काय करतात! चुना, पावडर, राळ. राळ तारेवर गेली की संच संपला. माझा उपाय साधा: बारच्या वरच्या अंगाला, तारेला कधीच लागत नाही त्या भागावर, खेळाडू बोटाला लावतात तसल्या सुती चिकटपट्टीचा अरुंद तुकडा. बोटाला पकड मिळते आणि बार फिरायचाही थांबतो. पट्टी महिन्यातून एकदा बदला, नाहीतर तिचा चिकटा कडेने उतरून तारेवर जातो. बट्ट्याला तेल लावतात म्हणून काही जण बारला खोबरेल लावतात. गुंडाळीच्या तारांवर ते करू नका. तेलात धूळ बसते आणि आठ दिवसांत तारा मुक्या होतात.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, क्रोमखालचं लोखंड आतून गंजून पापुद्रे उठतात. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने पुसायचं आणि कापडातच गुंडाळून ठेवायचं, बस्स. गिटारच्या पेटीत तारांवर बार टाकून ठेवणाऱ्यांना काय म्हणावं मला कळत नाही.

त्या मुलाला मी शाफ्टचाच १९ मिलिमीटरचा बार करून दिला. पुढच्या रविवारी आला तेव्हा दुसऱ्या तारेवर पंचमापासून वरच्या सा पर्यंत मींड घेतली, एकदाही खरखर नाही. बार त्याने आजोबांच्या चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवला होता. त्याचा जुना बार मी मागून घेतला. कोणी "काका, तार मधूनच खरखरते" म्हणत आलं की आधी तो त्याच्या हातात ठेवतो आणि नख फिरवायला सांगतो.